तीन हाकांचा नियम

ब्राझीलमधल्या बोआ व्हिस्ता शहरात आंब्याखालच्या दवाखान्यात सकाळी गेलात, तर डॉक्टर नंतर भेटायचे, आधी ओडालिस भेटायची. दवाखान्याला सरकारी नाव आहे, पाटीसुद्धा आहे, पण ती पाटी आंब्याच्या फांद्यांत गडप झाली त्याला कितीतरी वर्षं झाली. ओट्यावर निळी प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर जाड वही, पायाशी कॉफीचा थर्मास आणि कानामागे काळा मार्कर, अशी ओडालिस तिथे बसलेली असायची. वय अठ्ठावन्न, अंगाने भक्कम, आणि आवाज असा की तिने हजेरी घ्यायला सुरुवात केली की रस्त्यापलीकडचा टायरवाला हातातलं काम थांबवून ऐकायचा. सगळे तिला कॅप्टनबाई म्हणायचे. दवाखान्याने तिला नेमलं नव्हतं. तिला कुणीच नेमलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अशा माणसांना कुणी नेमावंही लागत नाही.

हे कॅप्टनपण तिने आपल्या गावाहून, व्हेनेझुएलातल्या सान फेलिक्सहून आणलं होतं. तिथे ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पुढे पिठाची टंचाई आली आणि दुकानासमोर रांगा लागायला लागल्या, त्या एक-दोन तासांच्या नाही, दिवसदिवसाच्या. ढकलाढकली, शिव्या, केस ओढणं, सगळं व्हायचं. एके दिवशी एका म्हातारीला लोकांनी तुडवलं तेव्हा ओडालिसचं डोकं फिरलं. तिने शाळेतली एक वही उचलली आणि रांगेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. प्रत्येकाचं नाव वहीत, नंबर मनगटावर मार्करने. दर दोन तासांनी हजेरी. जो घरी गेला त्याचा नंबर गेला. दुसऱ्यासाठी जागा धरायची नाही, कुणाला जागा द्यायची नाही. आणि तीन हाका मारूनही जो 'हजर' म्हणाला नाही, त्याचं नाव खोडायचं, मग तो चर्चचा पाळकबाबा का असेना. सख्ख्या भावाचं नाव खोडलं होतं तिने. तो सावलीत डोमिनो खेळत बसला होता. वर्षभर बोलला नाही तिच्याशी. पण त्या दुकानासमोर पुन्हा कुणी तुडवलं गेलं नाही, हे ती छाती पुढे काढून सांगायची, आणि का सांगू नये?

चार वर्षांपूर्वी ती मुलीला, युराइमाला, घेऊन सीमा ओलांडून ब्राझीलमध्ये आली. काही महिने पांढऱ्या तंबूंच्या छावणीत काढले. मग एका आवारातल्या ओळीने बांधलेल्या खोल्यांपैकी एक खोली भाड्याने मिळाली. त्या ओळीत सगळी त्यांचीच माणसं होती. युराइमा बेकरीत लागली. ओडालिसजवळ आश्रय मागितल्याचा एक कागद होता, तो ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी ठेवायची, झोपतानासुद्धा.

तो कागद घेऊन ती पहिल्यांदा दवाखान्यात गेली, तेव्हाची गोष्ट दवाखान्यातले लोक अजून सांगतात. खिडकीवर वानुझा नावाची बाई बसते, कपाळाला कायम आठी, पण मनाने सरळ. तिने कागद पाहिला, नाव टाइप केलं, आरोग्याचं कार्ड छापून हातात दिलं आणि म्हणाली, झालं. ओडालिस जागची हलली नाही. इतकं सोपं कसं असेल? कुठेतरी मेख असणारच. ती बाकावर बसून राहिली. दुपार झाली, झाडणारी बाई आली, खुर्च्या उलट्या ठेवल्या गेल्या, तरी ही बसलेलीच. शेवटी वानुझाने बाहेर येऊन विचारलं की बाई, कशासाठी थांबलात? तेव्हा ही म्हणाली, "आता तुम्ही हे परत मागायला याल ना, त्यासाठी."

मग डॉक्टरांना दाखवायचा दिवस आला. डॉक्टर म्हणजे एक तरुण पोरगी होती. ओडालिस पिशवी भरून घेऊन गेली. हातमोजे दोन जोड, कापूस, चिकटपट्टी, सुया आणि एक दिव्याचा बल्ब. तिच्या गावच्या दवाखान्यात शेवटी शेवटी हे सगळं रोग्यालाच न्यावं लागायचं, नाहीतर अंधारात तपासायचे. तिने एकेक वस्तू टेबलावर मांडली. डॉक्टरने बल्ब हातात घेऊन विचारलं, हे काय? ओडालिस म्हणाली, तुमच्याकडे असेल तर माझा मी परत नेते. डॉक्टर पोरगी हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली.

पण हसून झाल्यावर तिने ओडालिसच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि तिचं हसू गेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पिकलेलाच. लवकर काढला नाही तर अवघड होईल, असं तिने स्पष्ट सांगितलं. मोठ्या इस्पितळात मोतीबिंदूचं शिबिर भरतं, त्यासाठी नाव घालते, म्हणाली.

चिठ्ठी वानुझाकडे आली. वानुझाने ती संगणकात चढवली आणि म्हणाली, आता घरी जा, नंबर आला की कळवू.

ओडालिसने विचारलं, माझ्या पुढे किती माणसं? वानुझा म्हणाली, ते यंत्रालाच ठाऊक. कोण कोण आहेत? ते सांगता येत नाही. बरं, रांग कुठे लागते? वानुझाने संगणकाच्या डोक्यावर टिचकी मारली. "ह्यात."

आता तुम्हीच सांगा. जिने आयुष्याची पाच वर्षं रांगेत काढली, जिने पाहिलंय की पाणी प्यायला गेलेला माणूससुद्धा शेवटच्या नंबरला जातो, तिला कुणी म्हणतंय की एका डब्यात रांग आहे, पुढचा माणूस दिसत नाही, मागचा दिसत नाही, आणि तू घरी जा. ओडालिस मनात म्हणाली, घरी गेलेल्याचं काय होतं ते मला शिकवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती निळी खुर्ची घेऊन ओट्यावर हजर झाली आणि जागा धरून बसली. यंत्राला दिसो न दिसो, आपण हजर आहोत. रोज. रविवार सोडून, आणि तोही दवाखाना बंद असतो म्हणून.

बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांसमोर, म्हणजे जेवढं काय दिसत होतं तेवढ्यात, रोजच्या रोग्यांची टोकनची रांग होती, आणि ती रांग कसली, नुसती जत्रा होती. तिचे हात शिवशिवायला लागले. चौथ्या दिवशी तिने वही काढली.

सगळ्यात आधी भडकली ती फ्रांसिनेते. ही ब्राझीलची, तिशी उलटायच्या आत दूरच्या मारान्यांव राज्यातून बस बदलत बदलत इथे आलेली आणि आता साठीला टेकलेली. तोंडाचा पट्टा असा की भल्याभल्यांनी वाट सोडावी. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की तुम्ही लोकं आलात आणि आमच्या रांगा वाढल्या.

"वाढल्या तर खऱ्याच," ओडालिस म्हणाली. "म्हणून तर मोजतेय. हात दे इकडे."

आणि फ्रांसिनेतेच्या मनगटावर तिने चौदा नंबर घातलासुद्धा. पुढे आठवड्याभरात फ्रांसिनेते हजेरीच्या वेळी कोपऱ्यावर तापिओकाचं खोबरं घातलेलं धिरडं खायला गेली, तीन हाका झाल्या आणि कॅप्टनबाईंनी नाव खोडलं. परत आली तेव्हा ओठाला खोबरं लागलेलं, आणि नंबर एकेचाळीस. तिने जो काय आरडाओरडा केला, त्याने आंब्यावरचे पोपट उडाले. माझ्या देशात मलाच मागे ढकलते, ही कोण टिकोजीराव लागून गेली, असं बरंच काही. पण त्या दिवशी पहिल्यांदाच एकही भांडण न होता बाराच्या आत टोकनं संपली, हे तिनेही पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती सहाच्या आधी आली आणि ओडालिसच्या बरोबर मागे बसली. तिथून तिला नंतर कुणी हलवू शकलं नाही.

फ्रांसिनेतेलाही मोतीबिंदूच होता. तिचंही नाव त्याच डब्यात होतं. आधी ती शहाण्यासारखी घरी बसून वाट पाहत होती. पण ही बाहेरून आलेली बाई रोज सकाळी येऊन बसते, म्हणजे हिला काहीतरी आतलं ठाऊक असणार, अशी तिला शंका आली. आपण घरी बसलो आणि ही पुढे गेली तर? म्हणून तीही येऊन बसायला लागली. तिचं पाहून आणखी दोघं-तिघं आले. वानुझा खिडकीतून कपाळाला हात लावायची. एका डब्यातल्या रांगेसाठी ओट्यावर दुसरी रांग लागली होती, आणि दोन्ही देशांचे लोक तीत मनापासून उभे होते.

चार महिने असे गेले. ओडालिस आणि फ्रांसिनेते रोज भांडायच्या. ब्राझीलची कॉफी गोड की व्हेनेझुएलाची कडू, यावर एकदा दोन दिवस चाललं होतं. भांडता भांडता फ्रांसिनेते तिच्याच थर्मासातली कॉफी प्यायची आणि नावं ठेवायची. एकदा ओडालिसला ताप आला, तर ही बाई दुपारी तिच्या खोलीवर तांदळाची पेज घेऊन गेली आणि दारातच म्हणाली, "मेलीबिलीस तर माझा नंबर एक होईल, पण हजेरी कोण घेणार?"

एक गोष्ट मात्र ओडालिसने कुणालाच कळू दिली नव्हती. तिला वाचता येईनासं झालं होतं. वहीवरच्या रेघा आधी धूसर झाल्या, मग गेल्याच. समोरच्याचा चेहरा म्हणजे एक पिवळट डाग. ती माणसं आवाजावरून ओळखायची, खोकल्यावरून, चपला घासण्यावरून. पहाटे एकेकाकडून नाव विचारून घ्यायची, वहीत लिहिल्यासारखं करायची आणि तीस-चाळीस नावं डोक्यात ठेवायची. हजेरी घेताना वही डोळ्यांसमोर धरायची, पानसुद्धा उलटायची. मनगटावर नंबर घालताना अंगठ्याने हात चाचपून जागा शोधायची, आणि लोकांना वाटायचं, काय मायेची बाई आहे. डोक्याला एवढा ताण व्हायचा की दुपारी घरी गेल्यावर ती पालथी पडायची.

हे लपवायला कारण होतं. ज्याला दिसत नाही त्याला कॅप्टन कोण ठेवणार, हे एक. पण खरं कारण युराइमा होती. तिला नर्सिंगच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. सकाळी बेकरी, संध्याकाळी वर्ग, अशी ती धावत होती आणि पोरीच्या चेहऱ्यावर किती वर्षांनी तेज आलं होतं. आईला दिसत नाही हे कळलं असतं तर तिने त्याच दिवशी वर्ग सोडला असता आणि आईचा हात धरून बसली असती. ओडालिसने ते होऊ देणार नाही असं ठरवलं होतं. घरात ती मोजून पावलं टाकायची, कढईच्या आवाजावरून मक्याच्या पिठाची जाड भाकरी, त्यांचा अरेपा, उलटायची, आणि मुलीने विचारलं की डोळे कसे आहेत, तर म्हणायची, येईल नंबर, घाई कसली. मनातून मात्र ती घाबरली होती. रोज थोडं थोडं विझत चाललंय हे तिला कळत होतं.

आणि नंबर आला होता. गंमत ही की नंबर आला होता आणि तिलाच ठाऊक नव्हतं.

दवाखान्याचे आरोग्यसेवक घरोघर फिरतात. त्या भागाचा सेवक होता जोसिमार, निळा गणवेश, खांद्यावर पिशवी, पोरगेला आणि भारी नेमाचा. शिबिराचा निरोप त्याने द्यायचा होता. फोन लागेना, कारण युराइमाचा जुना नंबर कधीच बंद पडला होता. मग तो चिठ्ठी घेऊन घरी गेला. चिठ्ठी हातातच द्यायची आणि सही घ्यायची, आणि तीन खेपांत माणूस भेटला नाही तर ती पुढच्याला द्यायची, असा त्या दवाखान्याचा नियम.

तो गेला सकाळी नऊला. ओडालिस त्या वेळी कुठे असणार? ओट्यावर. दाराला कुलूप. त्याने शेजाऱ्यांना विचारलं, ओडालिस देल व्हाये रोंदोन माइता इथेच राहतात का? आता गणवेशातला माणूस कागदावरून कुणाचं पूर्ण नाव वाचायला लागला, की त्या आवारातली माणसं काय करतील? गावी पूर्ण नाव वाचणारे कधी बरं सांगायला आले होते? कपडे वाळत घालणारी बाई म्हणाली, असं कुणी नाही. स्कूटर दुरुस्त करणाऱ्याने तिचीच री ओढली. पलीकडचा म्हातारा तर म्हणाला, हे नावच मी जन्मात ऐकलं नाही. तो रोज संध्याकाळी तिच्याकडे अरेपा खायचा. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं की ती खोली रिकामीच आहे. जिवाला जीव देणारे शेजारी, आणि एका मायेपोटी त्यांनी तिचा डोळा घालवायचीच तयारी केली होती. तिला मात्र कुणी काही बोललं नाही. उगाच घाबरेल म्हणून.

आणि जोसिमार? तो रोज सातला दवाखान्यात येऊन पिशवी घ्यायचा, ओट्यावर कॅप्टनबाईंची कॉफी प्यायचा, त्यांना नमस्कार करायचा आणि मग ओडालिस रोंदोनला शोधायला बाहेर पडायचा. हजेरी सहाला व्हायची, तेव्हा तो घरी दाढी करत असायचा. कॅप्टनबाईंना नाव असेल हेच त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

शिबिर गुरुवारी होतं. मंगळवारी साडेदहाला तो घामाघूम होऊन परत आला आणि खिडकीवर चिठ्ठी टाकून वानुझाला म्हणाला की रोंदोन माइता, तीन खेपा झाल्या, माणूसच नाही, पुढच्याला द्या. दिवसाला शेकडो नावं टाइप करणाऱ्या वानुझाला कॅप्टनबाईंचं आडनाव कुठलं आठवायला; तिने यंत्रात पाहिलं आणि खिडकीतून हाक मारली, फ्रांसिनेते आराउजो.

ओडालिस खिडकीपासून चार हातांवर बसली होती. तिने आपलं नाव ऐकलं. तीन खेपा हेही ऐकलं. तोंड उघडलंसुद्धा तिने, 'हजर' जिभेच्या टोकावर आलं होतं. आणि तिथेच ती थांबली. त्याच सकाळी तिने एका माणसाचं नाव खोडलं होतं. बिचारा बायकोला टॅक्सीतून उतरवून घ्यायला गेला होता, तीन हाका झाल्या, हिने खोडलं. तो हात जोडत होता आणि ही म्हणाली होती, नियम म्हणजे नियम. आता स्वतःवर आली तर म्हणायचं का, की माझं जरा वेगळं आहे? तिला युराइमाचे वर्ग आठवले, उजव्या डोळ्यातला तो दाट होत चाललेला पिवळा डाग आठवला. तिने तोंड मिटलं आणि वही घट्ट धरून बसून राहिली. वेडी म्हणा तिला. मीही म्हणतो. पण अशी वेडी माणसं मला फार पाहायला मिळाली नाहीत.

फ्रांसिनेते खिडकीशी गेली. वानुझाने चिठ्ठी पुढे सरकवली, गुरुवार, सकाळी सात, इथे सही. फ्रांसिनेतेने पेन घेतलं. मग विचारलं की ही चिठ्ठी आधी कुणाची होती? जोसिमारने नाव वाचलं. ओट्यावरची सगळी डोकी निळ्या खुर्चीकडे वळली, कारण ते नाव रोज सकाळी सहाला सगळ्यांनी ऐकलेलं होतं. कॅप्टनबाई हजेरीत पहिलं नाव स्वतःचं घ्यायच्या, पूर्ण, पाचही शब्द, आणि स्वतःच 'हजर' म्हणायच्या.

"कुठे शोधलंस तिला?" फ्रांसिनेतेने विचारलं.

"घरी. तीनदा गेलो."

"आणि तिन्ही वेळा तिचीच कॉफी पिऊन गेलास, बाबा."

जोसिमार वळला. निळ्या खुर्चीकडे बघतच राहिला. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा ओटा हसायला लागला. पोराचे कान लाल झाले.

वानुझाला हसायला वेळ नव्हता. ती म्हणाली की यंत्रात 'गैरहजर' चढलंय, ते काढायचं तर मला काहीतरी लेखी लागेल, त्या तीन दिवशी ही बाई इथेच होती असं. वहीत असेलच, तारखेवार. द्या ती वही.

ओडालिसने वही छातीशी धरली. म्हणाली, राहू दे. नियम आहे, खोडा नाव. फ्रांसिनेतेला वाटलं, नेहमीचा हट्ट. तिने वही ओढून घेतली आणि उघडली. तिलाही फारसं दिसत नव्हतं, म्हणून तिने पान जोसिमारपुढे धरलं. तो पाहत राहिला. ओळीवर ओळ, ओळीवर ओळ, सगळं एकात एक गेलेलं, नुसतं काळं. मागचं पान तसंच. त्याच्या मागचंही. एक नाव वाचता येईना.

ओडालिस खाली मान घालून बसली होती. इतक्या दिवसांत तिला असं कुणी पाहिलं नव्हतं.

"किती दिवस?" फ्रांसिनेतेने हळू विचारलं.

"दोन महिने. थोडे जास्त."

"आणि आमची नावं?"

मग ओडालिसने मान वर न करता सांगायला सुरुवात केली. दोन नंबर फ्रांसिनेते, तीन दम लागणारा सेल्सो, चार ती बाळाला अंगाई म्हणणारी मुलगी, पाच लाकडी टाचांची चप्पल. अशी सदतीस माणसं, एकही चुकली नाही. सकाळी नाव खोडलेला माणूससुद्धा तिने सांगितला, शेवटच्या नंबरवर, बायकोच्या नावासकट. तो माणूस तिथेच उभा होता. तो पुढे आला आणि वानुझाला म्हणाला, "लेखी पाहिजे ना? कागद द्या. मी लिहितो ही इथे होती म्हणून."

वानुझाने कोरा कागद दिला. त्यावर लिहिलं गेलं की ओडालिस रोंदोन घरी नव्हती, ती तिन्ही दिवस दवाखान्यात हजर होती. मग सह्यांना झुंबड उडाली. कागद फाटायची वेळ आली, तेव्हा ओडालिसने डोळे पुसले आणि तिला राहवेना. तिने आवाज दिला की नंबराने या, ढकलू नका. लोक नंबराने आले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी मार्करने अंगठा उमटवला. दोन्ही देशांची नावं एकाखाली एक लागली, आणि वानुझाची आठी मी तरी त्या दिवशी पहिल्यांदा गेलेली पाहिली.

फ्रांसिनेते मात्र अजून पेन धरून उभी होती. यंत्राच्या हिशेबाने चिठ्ठी आता तिची होती. पुढचं शिबिर कधी, ते वानुझालाही सांगता येत नव्हतं. तिलाही घरी नवरा होता, चूल होती, रस्ता ओलांडताना गाड्यांचा अंदाज येईनासा झाला होता. तिने चिठ्ठीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. ओडालिस म्हणाली, घे गं, जागा देता-घेता येत नाही, ठाऊक आहे ना.

"देतेय कोण?" फ्रांसिनेते फिस्कारली. "डब्यातलं मला काय कळत नाही. पण चार महिने रोज सकाळी मी तुझ्या पाठीकडे बघत बसलेय. माझ्या पुढे कोण आहे ते मला कुणी सांगायला नको."

आणि तिने पेन ओडालिसच्या हातात दिलं.

सही कुठे करायची ते ओडालिसला दिसेना. फ्रांसिनेते बोट ठेवून दाखवायला गेली तर तिचं बोट भलत्याच ओळीवर. सदतीस माणसं डावीकडे, वर, अजून खाली, असं ओरडत होती. सही शेवटी वानुझाच्या शिक्क्यावरून तिरकी गेली. वानुझा म्हणाली, चालेल.

संध्याकाळी युराइमाला सगळं कळलं. ती आधी आईवर चिडली, मग रडली, मग आवारात जाऊन एकेका शेजाऱ्याला धरून असं काही बोलली की तो म्हातारा दोन दिवस अरेपा खायला आला नाही. गुरुवारी तिने बेकरीतून सुट्टी घेतली, पण वर्ग बुडवला नाही. ते ओडालिसने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

सोमवारी सकाळी सहाला ओडालिस दवाखान्यात आली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं; डोळ्यांवर काळा चष्मा होता, तो तिने ओट्याशी येऊन काढला. डॉक्टरने काढू नको म्हणून बजावलं होतं, पण ऐकेल तर ती ओडालिस कसली. लोक आपापल्या नंबरावर उभे होते. ती एकेकासमोर थांबली, आवाज ऐकायची आणि मग चेहरा बघायची. सेल्सो इतका तरुण असेल असं तिला वाटलं नव्हतं. लाकडी टाचांच्या चपलेवर एक लाजरी पोरगी निघाली. शेवटी ती फ्रांसिनेतेपुढे आली आणि कमरेवर हात ठेवून तिला खालपासून वरपर्यंत निरखत राहिली. बारीक, सुरकुतलेली, पांढऱ्या केसांची बाई, दोन्ही डोळ्यांत धुकं.

"आवाजावरून मला वाटलं होतं, चांगली धिप्पाड असशील," ओडालिस म्हणाली. "ही तर चिमणी निघाली."

"एकच डोळा झालाय तुझा," फ्रांसिनेते म्हणाली. "दुसरा करून घे, मग नावं ठेव."

ओडालिसने निळी खुर्ची उचलली आणि फ्रांसिनेतेच्या मागे नेऊन ठेवली. बसली. वही उघडली, नवं पान काढलं आणि वाचता येईल अशा अक्षरात पहिल्या ओळीवर फ्रांसिनेतेचं नाव लिहिलं.

"दुसऱ्या डोळ्यासाठी मी तुझ्या मागे आहे," ती म्हणाली. "आता तू घरी जा आणि दार उघडं ठेव. हजर मी म्हणेन."